गणिताचे पोट्टे आमच्या जिनिंगच्या काट्यावर: एका पूर्ण सीझनचा अनुभव

आमची जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायची मिल, हिंगणघाट आणि वणीच्या मधल्या पट्ट्यात आहे, रस्त्याला लागूनच. जिनिंगचं नाव लिहीत नाही कारण स्वतःची जाहिरात करायची नाही. लिहायचं आहे ते गेल्या सीझनला आमच्याकडे येऊन गेलेल्या पाच पोट्ट्यांबद्दल, तीन मुली दोन मुलं, सगळे जिल्ह्याच्या ठिकाणी एमएस्सी गणित करणारे. एखादी सर्व्हिस घेतली की आपण चांगलं-वाईट लिहितो ना, तसंच हे समजा. फक्त ही सर्व्हिस फार कोणाला माहीत नाही म्हणून जरा लांब लिहून राहिलो.

आधी काय प्रकार आहे ते सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणात एमएस्सीच्या पोट्ट्यांना ऑन जॉब ट्रेनिंग आणि प्रोजेक्ट करावं लागते. बहुतेक ठिकाणी ते कागदावर उरकतात, पण या कॉलेजच्या गणिताच्या मॅडम स्वतः गाडी काढून आजूबाजूच्या दालमिल, जिनिंग, तेलघाण्या फिरल्या आणि विचारत होत्या की तुमचा असा एखादा प्रश्न द्या जो तुम्हाला खरंच त्रास देतो, पुस्तकातला नको. फी काहीच नाही. आपण द्यायचं ते एसटीचं भाडं, दुपारचं जेवण, आपलं रजिस्टर आणि आपला वेळ. मॅडमनी सांगितलं की ही काही नवीन गोष्ट नाही, इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला १९६८ पासून गणितवाले आणि कारखानेवाले एक एक आठवडा सोबत बसतात, सोमवारी कारखानेवाला प्रश्न मांडतो आणि शुक्रवारी गणितवाले काय सापडलं ते सांगतात. मोठा भाऊ म्हणाला, गणितवाले पोट्टे जिनिंगमध्ये काय करतील बावा, इथं रेचे (सरकी काढायच्या मशीनी) चालवायचे आहेत. मी म्हटलं येऊ द्या, पैसे तर मागत नाहीत.

प्रश्न आमचा साधा होता आणि फार जुना होता. लाईन. दिवाळी झाली की कापूस सुरू होते, डिसेंबर-जानेवारीत तर बंड्या, ट्रॅक्टर, छोटे हत्ती, पिकअप, सगळे फाटकापासून रोडपर्यंत उभे. कास्तकार रात्री गाडी भरतो, पहाटे थंडीत निघतो आणि आमच्या दारात दोन-अडीच तास नुसता उभा राहतो. गाडी भाड्याची असली तर गाडीवाला उशिराचे पैसे वेगळे मागते. बायामाणसं सोबत असली तर त्यांचे हाल वेगळेच. हे मी लहानपणापासून पाहत आलो आणि खरं सांगतो, मला ते नॉर्मल वाटायला लागलं होतं, सीझन आहे तर लाईन राहणारच. त्याच्या आधीच्या वर्षी शहरातल्या एका सल्लागार फर्मला बोलावलं होतं, त्यांचा माणूस एक दिवस आला, एसी गाडीतून फोटो काढले, बिल दिलं आणि सांगितलं की दुसरा वजनकाटा बसवा, दहा-बारा लाखाचं काम. तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते म्हणून राहिलं.

पोट्टे जानेवारीत आले. पहिल्या दिवशी थोडी निराशाच झाली कारण ते कॉलेजातूनच एक विषय ठरवून आले होते, रेच्यांच्या सेटिंगचं ऑप्टिमायझेशन की काय ते, आणि आमच्या फिटरनं दहा मिनिटात सांगितलं की हे सेटिंग कापसाची जात आणि ओल बघून हातानंच बदलावं लागते. ते गप्प झाले. मग मीच म्हटलं, बाहेर जाऊन लाईन पहा. त्या पोट्ट्यांनी जे केलं ते आमच्यापैकी कोणी आजवर केलं नव्हतं. सहा दिवस ते फाटकापाशी, काट्यापाशी आणि खाली करायच्या ठिकाणी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून उभे राहिले. कोणती गाडी किती वाजता आली, काट्यावर किती वाजता चढली, कधी उतरली, रिकामी होऊन परत कधी वजनाला आली, सगळं वहीत. सकाळी साडेसातला धुक्यात हजर. त्यातली एक मुलगी कास्तकाराच्याच घरची, आर्वीकडची, ती तर लाईनीतल्या लोकांत जाऊन बसायची आणि घरून कधी निघाले, गाडी कोणाची, घरी जाऊन काय काम आहे हे विचारायची. मला वाटलं ही टाईमपास करून राहिली. नंतर कळलं की अर्धा रिपोर्ट त्या गप्पांवर उभा होता.

आठवड्याभरानं तिनं मला ऑफिसात बसवून काटापावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडून दाखवला, तो जसाच्या तसा देतो, कारण मला समजला म्हणजे कोणालाही समजेल.

तासाला सरासरी ७ गाड्या येतात. प्रत्येक गाडीला काटा दोन वेळा लागतो, एकदा भरलेली, एकदा रिकामी. भरलेलीला ५ मिनिटं, रिकामीला ३, म्हणजे गाडीमागे ८ मिनिटं. सात आठे छप्पन. तासातली ५६ मिनिटं काटा बिझी. मी म्हटलं मग तर चांगलंच आहे, मशीन रिकामी बसत नाही. ती म्हणाली, काका, तिथंच तर गडबड आहे. गाड्या घड्याळ लावून येत नाहीत, कधी तीन सोबत येतात, कधी वीस मिनिटं एकही नाही. तीन सोबत आल्या की जे तुंबते ते मोकळं करायला काट्यापाशी तासात फक्त ४ मिनिटं उरतात, आणि ते मोकळं व्हायच्या आत पुढची खेप येते. याचं सूत्र आहे, काटा जितका वेळ बिझी त्याला जितका वेळ मोकळा त्यानं भागायचं. ५६ भागिले ४, म्हणजे १४. सरासरी १४ गाड्या काट्यापाशी अडकलेल्या राहणार. आणि १४ गाड्या अडकलेल्या, तासाला ७ निघतात, म्हणजे एकाचे २ तास गेले.

मी उठून खिडकीतून लाईन मोजली. तेरा गाड्या होत्या.

मग तिनं खाली दुसरी ओळ लिहिली. समजा ८ ची ६ मिनिटं केली. सात सक बेचाळीस. काटा ४२ मिनिटं बिझी, १८ मिनिटं मोकळा. ४२ भागिले १८, सव्वादोनच्या जरा वर. १४ च्या जागी सव्वादोन गाड्या. आणि दोन तासाच्या जागी २० मिनिटं. नवीन काटा नाही, नवीन माणूस नाही, फक्त गाडीमागे दोन मिनिटं कमी. मी तो कागद दोनदा कॅल्क्युलेटरवर तपासला, मोठ्या भावाला दाखवला, त्यानं पण तपासला. आपल्या डोक्यात सरळ हिशोब असतो की पावपट वेळ कमी केला तर लाईनही पावपट कमी होईल. इथं तसं नाही, मशीन काठोकाठ भरत आली की लाईन एकदम फुगते. हे गणित म्हणे १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या माणसानं सुरू केलं, एक्सचेंजमध्ये फोनची गर्दी किती होईल ते काढायला. आणि गाड्यांवरून तास काढायचा जो नियम तिनं वापरला तो लिटल नावाच्या अमेरिकन माणसानं १९६१ मध्ये सिद्ध केला. शंभर वर्षाच्या वर झाले या गोष्टीला आणि आमच्या काट्यापर्यंत ती आता येऊन राहिली, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता दोन मिनिटं कमी कुठून करायची, तर तेही त्यांच्या वहीतच होतं. भरलेल्या गाडीच्या ५ मिनिटांत प्रत्यक्ष वजन एका मिनिटाच्या आत होत होतं, बाकी वेळ दिवाणजी कास्तकाराला नाव, गाव, मोबाईल नंबर, बँकेचं खातं विचारून लिहीत होते. गाडी काट्यावर उभी, कास्तकार खाली उतरून खिडकीपाशी, खिशातून पासबुक काढते, चष्मा नाही, मग ड्रायव्हर वाचून देते. हे सगळं काट्यावर कशाला पाहिजे? फाटकापाशी कडुनिंबाखाली एक टेबल टाकलं, लाईनीत उभं असतानाच नाव-खातं लिहून एक चिठ्ठी हातात द्यायची, काट्यावर नुसता चिठ्ठीचा नंबर. झाली दोन मिनिटं कमी. आमचे दिवाणजी तीस वर्षांपासून तिथं आहेत, त्यांना आधी राग आला की काल आलेले पोट्टे मला शिकवतात. पण त्या मुलांनी त्यांच्यासमोर बसून त्यांच्याच हातानं फॉर्म बनवून घेतला, कोणतं आधी लिहायचं कोणतं नंतर हे दिवाणजींनीच ठरवलं, आणि आता तेच नवीन माणसाला समजावून सांगतात.

दुसरी छोटी गोष्ट. रिकामी झालेली गाडी भरलेल्यांच्या मागे उभी राहायची, आणि तिच्यामुळे आवारात जागा अडून खाली करायचं काम थांबायचं. आता रिकामी आली की तिला आधी काट्यावर घेतो. भरलेल्यावाले सुरुवातीला ओरडले, आठवड्यात सवय झाली.

आता खरं सांगायचं तर २० मिनिटं काही झाली नाहीत. या सीझनला दिवाळीपासून हे सगळं लागू केलं, साध्या दिवशी कास्तकाराचा काट्यासाठीचा वेळ ३५ ते ४० मिनिटांवर आला आहे, आणि गर्दीच्या दिवशी, म्हणजे भाव वाढला की किंवा पाण्याची बातमी आली की, अजूनही लाईन रोडला लागते. पोट्ट्यांनी हे आधीच सांगितलं होतं, रिपोर्टात वेगळं पान आहे त्यावर. पहिल्या हिशोबात गाड्या दिवसभर सारख्या येतात असं धरलं होतं, पण वहीत तर अर्ध्या गाड्या सकाळी ८ ते ११ मध्येच. म्हणून त्यांनी दुसरं मॉडेल केलं, लॅपटॉपवर एक एक तासाचं, त्यात खोट्या गाड्या टाकून शेकडो दिवस चालवून पाहिले. त्यातून आलं की गावागावाला वेळ वाटून द्या, ही गावं सकाळी, ती गावं दुपारी. ते आम्ही करून पाहिलं आणि ते अर्धंच जमलं. एका कास्तकारानं तोंडावर सांगितलं, "भाऊ, तुम्ही टाईम देता, पण पिकअपवाला त्याच्या टायमानं येते ना." त्या मुलीला फोन करून हे सांगितलं तर ती म्हणाली, काका, हे गाडीवाल्यांना धरून करायला पाहिजे होतं, आमचं चुकलं. पुढच्या वर्षी गाडीवाल्यांची बैठक घेणार आहे.

दुसरं काम त्यांनी केलं ते ओलीचं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं आहे, जरी रिपोर्टात त्याला चारच पानं मिळाली. कापसाची ओल म्हणजे भांडणाचं मूळ. सीसीआय, म्हणजे केंद्र सरकारचं कापूस महामंडळ, त्यांचा बेस ८ टक्के, १२ च्या वर ते घेत नाहीत, आणि मधल्या प्रत्येक टक्क्याला भावात कपात. आम्ही खाजगीवाले पण त्याच अंदाजानं चालतो. २०२५-२६ च्या सीझनला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, एक टक्का म्हणजे क्विंटलमागे ८१ रुपये, वीस क्विंटलच्या गाडीला सोळाशेच्या वर. कास्तकाराच्या घरी सोळाशे रुपये म्हणजे काय असते हे आपल्याला माहीत आहे. आणि हा निकाल आमचा ग्रेडर कसा लावत होता, तर हात जिथं पोचते तिथून एक मूठ काढायची आणि मीटर लावायचा. वरचा कापूस उन्हानं वाळलेला, आतला दहिवरानं ओला, त्यामुळे एकाच गाडीत वर ९ आणि आत १२ येऊ शकते. कोणती मूठ हातात आली त्यावर कोणाचं तरी नुकसान, कधी त्याचं, कधी आमचं.

पोट्ट्यांनी वीस गाड्यांत प्रत्येकी बारा ठिकाणी मीटर लावून पाहिला. मग सांगितलं की एका मुठीत जितका फरक पडते, चार मुठींची सरासरी घेतली तर त्याच्या निम्मा पडते. पाव करायचा असेल तर सोळा मुठी लागतील, तेवढा वेळ कोणापाशी नाही. म्हणून चार. थोड्या नमुन्यावरून किती भरवसा ठेवायचा याचं गणित म्हणे गॉसेट नावाच्या माणसानं डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरी करताना काढलं आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' या नावानं छापलं. स्टुडंट म्हणजे विद्यार्थी. हे सांगताना त्या मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला आठवते.

आणि चार मुठी कुठून काढायच्या? ग्रेडरनं ठरवलं तर कास्तकार म्हणेल ओली जागा बघून हात घातला, कास्तकारानं ठरवलं तर आम्ही म्हणू. त्यांनी गाडीचे मनातल्या मनात बारा खण केले, सहा वरचे, सहा आतले, एका रिकाम्या डालड्याच्या डब्यात १ ते १२ च्या चिठ्ठ्या टाकल्या आणि डबा कास्तकारासमोर धरला. तो स्वतः चार चिठ्ठ्या काढते, त्या चार खणांतून मूठ निघते, मीटर त्याच्या डोळ्यासमोर लागते, चारही आकडे चिठ्ठीवर. लाईनीत उभं असतानाच होते, काट्याचा वेळ जात नाही. काही जणांची कपात वाढली, काहींची कमी झाली, आमची खरेदी एकूण जिथल्या तिथं आहे, पण ओलीवरून जी रोजची तोंडातोंडी व्हायची ती फार कमी झाली. एक म्हातारे आजोबा, वरोऱ्याच्या बाजूचे, डब्यात हात घालताना देवाचं नाव घेतात. चार आकडे पाहून म्हणाले, "आता कमी आलं तरी मनाला लागत नाही, आपल्याच हातानं काढलं."

जे जमलं नाही ते पण लिहितो नाहीतर हा रिव्ह्यू अर्धा राहील. मी त्यांना तिसरा प्रश्न दिला होता, कापूस घ्यायच्या वेळीच रुईचा उतारा किती येईल हे सांगता येईल का. क्विंटलमागे ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट, पण ३३ आणि ३४ मधला फरक आमच्यासाठी फार मोठा आहे. दिवसाला पाचशे क्विंटल चालले तर एक टक्का म्हणजे पाच क्विंटल रुई, १७० किलोच्या हिशोबानं जवळपास तीन गठाणी. दीड महिना त्यांनी दोन वर्षांची रजिस्टरं उकरली आणि मग येऊन सरळ सांगितलं, काका, हे होणार नाही. कारण दहा गावचा कापूस आम्ही एकाच गंजीत टाकतो, गंजी फोडून चालवतो तेव्हा कोणती रुई कोणाच्या कापसाची हे रजिस्टरला माहीतच नाही. मला तेव्हा राग आला होता, दीड महिना घालवून हे सांगता का म्हणून बोललोही. मॅडमनी शांतपणे सांगितलं की खोटा आकडा बनवून देणं सोपं होतं, त्यांनी दिला नाही. रात्री विचार केला तेव्हा पटलं. दुसऱ्या दिवशी पोरांना चहाला बोलावून माफी मागितली.

तक्रारी अजून दोन. मार्चमध्ये परीक्षा आल्या आणि तीन आठवडे कोणी फिरकलं नाही, फोन उचलले पण काम बंद. आमचा सीझन तेव्हा उतरणीला होता म्हणून चाललं, नाहीतर कठीण होतं. कॉलेजनं हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे. आणि रिपोर्ट ६४ पानांचा, पूर्ण इंग्रजीत, त्यातली सूत्रं माझ्या काय, आमच्या सीएच्या पण डोक्यावरून गेली. मी म्हटलं हे दिवाणजीला कसं वाचून दाखवू? तेव्हा त्या आर्वीच्या मुलीनं दोन पानांचं मराठी लिहून दिलं, काय करायचं, का करायचं, आणि कोणत्या दिवशी हे चालणार नाही. ती दोन पानं लॅमिनेट करून काट्याच्या खोलीत लावली आहेत. ६४ पानं कपाटात आहेत. असं मराठी पान प्रत्येक टीमनं सुरुवातीपासून द्यावं अशी माझी कॉलेजला विनंती आहे, लेखी दिली आहे.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा परीक्षेच्या तीन आठवड्यांचा आणि इंग्रजी रिपोर्टचा कापला.

कोणाला बोलवायचं असेल तर आपल्या जवळच्या कॉलेजच्या गणित किंवा संख्याशास्त्र विभागात सरळ जाऊन भेटा, पत्रव्यवहारात वेळ घालवू नका. सीझनमध्ये बोलवा, बंद मिल पाहून त्यांना काहीच कळणार नाही. आणि त्यांना पहिल्या दिवशी केबिनमध्ये बसवू नका, जिथं माणूस ताटकळत उभा आहे तिथं नेऊन सोडा. दुपारचं जेवण घरचं द्या, आमच्याकडे वहिनी ज्वारीची भाकरी आणि झुणका पाठवायची, पोट्टे हमालांसोबत बसून जेवायचे आणि हमालांनी त्यांना जे सांगितलं ते मला वीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात एक ओळखीचा कास्तकार सव्वाअकराला मोकळा झाला. मी म्हटलं बसा, चहा घ्या. म्हणाला नाही भाऊ, बाराला वीज येते, हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, आज पहिल्यांदा कापूस देऊन त्याच दिवशी ओलित होऊन राहिलं.

यंदाची नवीन बॅच फेब्रुवारीत येणार आहे. त्यांच्यासाठी सरकीच्या ढिगाचा प्रश्न काढून ठेवला आहे, ओली सरकी ढिगात आतून तापते, किती उंच ढीग किती दिवस ठेवला तर चालेल हे आम्ही अजून हात घालूनच पाहतो. आणि उताऱ्याचा प्रश्नही परत देणार आहे. दिवाणजींनी दिवाळीपासून रजिस्टरात एक नवीन रकाना पाडला आहे, गंजी नंबरचा, आणि एक गंजी फक्त तीनच गावांची ठेवली आहे.